झाकलेलं वय

संगणकाच्या पडद्यावर उजवीकडच्या रकान्यावर ती आधी जाड कागदाची पट्टी चिकटवायची, ओढणीनं चष्मा पुसायची आणि म्हणायची, "हं, आता मोजतो." बेळगावकडच्या बायका बोलतात तसं, 'मोजतो', 'जातो'. मल्लेश्वरमजवळच्या आमच्या संस्थेत सगळे तिला अक्काच म्हणत.

आमचं काम फार दूरच्या, थंडावलेल्या दीर्घिकांचं, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या तारासमूहांचं. थंडावलेल्या म्हणजे ज्यांत नवे तारे जन्माला येणं थांबलं आहे अशा. प्रश्न एवढाच, की सारख्या वजनाच्या दोन दीर्घिका घेतल्या, तर लहान दिसणारी वयानं मोठी असते का? झाकलेला रकाना वयाचा होता. आकार मोजताना तिला वय दिसायला नको असे.

मी पुण्याहून आलेली, तिच्याहून सहा वर्षांनी लहान. मला ती पट्टी बालिश वाटायची. खरं सांगायचं तर तिचं सगळंच माझ्या डोळ्यांत खुपायचं. आमचे सर माझे आकडे बघून "छान" म्हणत आणि लगेच विचारत, "अक्कानं बघितलं का?" तुमच्याही कचेरीत असेल असं एखादं माणूस. त्याचा काही दोष नसतो आणि म्हणूनच त्याला क्षमा करता येत नाही.

एकदा कॉफी पिताना मी जोरात सांगत होते, "काळ जाईल तशी थंडावलेल्या दीर्घिकांच्या आकाराची सरासरी वाढत जाते. म्हणजे म्हातारपणी त्या फुगतात."

तिनं समोरच्या गल्लीकडे बोट दाखवलं. "ते कौलारू घर बघ. शेजारी नवी चार मजली झाली. गल्लीतल्या घरांची सरासरी उंची वाढली की नाही?"

"वाढली."

"मग कौलारू घर फुगलं काय गं?"

म्हणजे मोठ्या आकाराच्या दीर्घिका नंतर थंडावून या यादीत आल्या असतील, जुन्या आहेत तेवढ्याच असतील. सर नेमके मागे उभे होते. पुढच्या व्याख्यानात त्यांनी ते कौलारू घर वापरलं, अक्काचं नाव घेऊन. मला आठवडाभर कॉफी कडू लागली.

मग चिलीतल्या एका दुर्बिणीवर जागा निघाली. अर्ज दोघींनीही केला. मला ती जागा हवीच होती, आणि ती अक्काला मिळू नये हे त्याहून हवं होतं. माझा सगळा भरवसा एका आलेखावर होता. जितकी लहान, तितकी जुनी. ठिपके कसे प्रार्थनेला उभ्या पोरांसारखे ओळीत. त्याच दीर्घिका तिनंही मोजल्या होत्या. तिच्याकडे कल तोच, पण पुसट, ठिपके इकडेतिकडे. अक्का चुकली! मी मनात मांडे खाऊ लागले.

मुलाखतीआधी चार दिवस ती माझ्या टेबलाशी आली. "जुन्या असून मोठ्या दिसणाऱ्या तू परत मोजल्यास काय?"

"हो. शंका आली म्हणून."

"आणि ओळीत बसलेल्या?"

त्या मी एकदाही परत उघडल्या नव्हत्या. मनाजोगं उत्तर येईपर्यंत मोजायचं आणि आलं की थांबायचं, हे मी करत होते आणि माझं मलाच कळलं नव्हतं.

"सरांना सांगणार?"

"मी कशाला सांगतो?" तिनं आपल्या पडद्यावरची पट्टी सोलून माझ्या पडद्यावर चिकटवली. "स्वल्प जरा झाकून मोज. बघ काय येतंय."

मोजलं. माझाही कल पुसट झाला. मी अर्जातला आलेख बदलला. जागा तिला मिळाली. निरोपाच्या दिवशी "जाऊन येतो हं" म्हणत तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, तेव्हा तिचं विमान चुकावं म्हणून मी देवाला विनवत होते. देवानं ऐकलं नाही.

तिची खुर्ची अजून रिकामीच आहे. पट्टी मी कधी काढली नाही. परवा चिकटपट्टी वाळून ती आपणच गळून पडली आणि मागची बाजू पहिल्यांदा दिसली. शिसपेन्सिलीनं, तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पहिल्या वर्षी मनासारखं येईपर्यंत परत परत मोजलेल्या.' खाली सात दीर्घिकांचे क्रमांक.

डोळे भरून आले. मग न राहवून माझ्या तशा दीर्घिका किती, ते मोजलं.

तिच्या सातच, माझ्या एकतीस भरल्या. इथेही तीच पुढे.