लॉटरीच्या कराराची एक प्रत अमरावतीला

अकोल्यातल्या आमच्या ऑफिसात लॉटरीचं खूळ शिरलं, तो दिवस मला अजून लख्ख आठवतो! सरकारी लॉटरी नुकतीच निघाली होती, म्हणजे साठचं दशक संपत आलं होतं. मी तिथे टायपिस्ट… वय बावीस, आणि नोकरी अजून कच्ची.

आम्ही सातजणांनी मिळून तिकिटं घ्यायचं ठरवलं. ठरवलं कसलं, भांडणच जुंपलं! कापसाच्या भावावर सट्टा लावणाऱ्यांना पोलीस धरून नेताना सगळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे निम्मे म्हणायचे, हाही जुगारच, नोकरी जाईल. उरलेले म्हणायचे, अहो तिकीट सरकारनंच छापलंय, मग सरकार आपल्याला कसं धरेल?

शेवटी आमचे हेडक्लार्क, म्हणजे बडेबाबू, खुर्चीतून उठले. "भांडून काहून राहिले बे? सगळं लेखी करा. लेखी असलं की बेकायदेशीर काही नसते!" आता हा कुठला कायदा, ते विचारायची कुणाची टाप होती…

मग काय, मी मशीनवर बसले. विषय, संदर्भ, अटी एक ते पाच, सगळं कसं झोकात! तिकिटं बडेबाबूंच्या कपाटात राहतील, बक्षीस लागलं तर सातही जणांना सारखा वाटा, नंतर कुणी शब्द फिरवायचा नाही. सह्या करताना प्रत्येकाचा चेहरा असा, की बक्षीस लागलंच. मी तर मनातल्या मनात आईसाठी शिवणयंत्रही घेऊन टाकलं.

दोन दिवसांनी बडेबाबू तो कागद पुन्हा वाचायला बसले. मला बोलावून त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं… "प्रत माहितीसाठी सादर : विभागीय कार्यालय, अमरावती." अगं बाई! आमच्या प्रत्येक पत्राखाली ही ओळ असायची. डोकं लॉटरीत आणि बोटं सवयीनं चाललेली.

मी धावतच गुलाबचाचांकडे गेले. डाक पाठवायचं काम त्यांचं, आणि चाचा कुठल्याही कागदाची शेवटची ओळ तेवढी वाचायचे. "गेली न बाई, परवाच्याच डाकेत!" ते खुशीत म्हणाले. झालं, आता संपलंच सगळं!

कारण माझी कायम होण्याची फाईल अमरावतीच्या त्याच ऑफिसात, त्याच आठवड्यात सहीला पडलेली होती. आमचे बाबा अंजनगाव सुर्जीला मजुरी करायचे. आमच्या बौद्ध वस्तीतून सरकारी कचेरीत खुर्चीवर बसलेली मी पहिलीच… आणि ती खुर्ची मी स्वतःच्या हातांनी घालवून बसले होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सकाळची एस.टी. धरली. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा वाटलं, उतरावं आणि परत जावं. मग म्हटलं, जाऊ दे, जे व्हायचं ते तोंडासमोर होऊ दे.

अमरावतीचे साहेब म्हणजे जाड चष्मा, आणि हसणं ठाऊकच नसल्यासारखा चेहरा. आमचा कागद त्यांच्या टेबलावर उघडाच पडला होता, आणि त्यावर लाल शाईच्या रेघाच रेघा! मी घडाघडा बोलून टाकलं… "साहेब, टाइप मी केलं, चूक माझी. बाकीच्यांना काही करू नका."

"चूक आहेच," साहेब म्हणाले. "मोठी चूक आहे. एखाद्याची बदली झाली तर त्याच्या वाट्याचं काय? मेला तर वारसाचं काय? याची अट कुठे आहे?"

मग कळलं हो… त्यांच्याही ऑफिसात आठजणांनी मिळून तिकिटं घेतली होती, साहेब धरून! लेखी काहीच नाही, म्हणून रोज कटकट. आमचा करार डाकेतून आला आणि त्यांना देवच पावला.

मी धीर करून विचारलं, "म्हणजे साहेब, हे कायद्यात बसतं?" ते म्हणाले, तिकीट सरकारचं, पैसे आपले आपण घातले, मध्ये कुणी दलाली खाल्ली नाही, तर मला तरी यात गुन्हा दिसत नाही. "पण सरकारी कागद कशाला नासला?" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या पिशवीतून कोरे कागद काढले आणि मला टायपिंगला बसवलं. त्यांच्याच ऑफिसच्या मशीनवर!

आठ प्रती काढल्या, दोन नव्या अटींसकट. एकही खाडाखोड नाही. साहेबांनी शेवटची ओळ मुद्दाम दोनदा तपासली, मग ढिगातून माझी फाईल ओढली, सही केली आणि कायम झाल्याचा हुकूम माझ्या हातात दिला. "डाकेनं नको. तुमच्या डाकेचा भरवसा नाही," म्हणाले. एवढं बोलून तो माणूस हसला!

मी अकोल्याला गेलेच नाही. तशीच अंजनगावची गाडी पकडली. (लॉटरीचं विचाराल तर आमचा एक आकडा जुळेल तर शपथ! अमरावतीकरांचंही तेच.)

बाबा नुकतेच कामावरून आले होते. मी तो हुकूम मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी कागद हातात घेतला आणि विचारलं, "म्हंजे आता तुले कोनी 'उद्यापासून येऊ नको' असं म्हनू शकत नाई?"

"नाही, बाबा."

त्यांनी मला ते तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा "नाही" म्हणताना मलाच रडू फुटलं. साहेब आता हयात नाहीत, पण त्या एका सहीसाठी मी आजही मनापासून त्यांचे आभार मानते.