शेंदूर लावलेला पहिला बोर्ड

नवघरच्या एका गाळ्यात मी सर्किट बोर्ड तपासायचे. हिरवा बोर्ड भिंगाखाली धरायचा, भोकं साफ आहेत का, कथिल सारखं बसलंय का बघायचं आणि पास-नापास सांगायचं. माझ्या नजरेतून वाकडा बोर्ड सुटत नसे, आणि तोंडातला शब्द तोंडात राहत नसे. गाळ्याचे मालक शेजारच्या गोडदेव गावचे, पूर्वी त्यांच्या घराची मिठागरं होती. आम्ही सगळ्या बायका त्यांना भाऊ म्हणायचो आणि त्यांच्या आईला आईच.

२००५ सालची गोष्ट. आमच्या युरोपातल्या गिऱ्हाइकाने कळवलं की पुढच्या वर्षापासून तिकडे शिसं असलेला माल चालणार नाही, तसा कायदाच झालाय. तोवर बोर्डावरच्या कथिलात सगळेच शिसं मिसळायचे. मशीन भंगारात गेलं की ते शिसं मातीत उतरतं, पाण्यात जातं. मला तर हे ऐकून बरंच वाटलं, कारण आमच्या मागचा नाला खाडीलाच मिळायचा. भाऊंनी बोर्ड बुडवायला बिनशिशाच्या वितळलेल्या कथिलाची नवी टाकी बसवली. नमुना लॅबमध्ये पास झाला तर वर्षभराचं काम, नाहीतर गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार होतं. आणि ते गेलं असतं तर गाळ्याला कुलूप आणि आम्ही सगळ्या घरी, हे आम्हाला न सांगता कळत होतं.

दसऱ्याला टाकी सुरू केली. आई पूजेचं ताट घेऊन आल्या. त्यांच्या घरात अवजाराला कुंकू नाही, तेलात कालवलेला शेंदूर लावायची रीत. मिठागरावरच्या फावड्यांनाही तोच लागायचा. टाकीतून निघालेला पहिला बोर्ड पाटावर ठेवला, आईंनी त्याला शेंदराचं बोट लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. भाऊंनी मग तो थिनरने पुसला आणि पुजलेला म्हणून नेमका तोच नमुना लॅबला पाठवला.

आठवड्याने रिपोर्ट आला, गिऱ्हाइकालाही त्याच दिवशी गेला. नापास, शिसं सापडलं. भाऊ फोनवर कथिलवाल्या व्यापाऱ्याला हिंदीत इतकं बोलले की बाहेरचा चहावाला आत डोकावला. व्यापारी बिचारा शपथा घेत होता. शेवटी मी म्हटलं, भांडण मग करा, आधी त्याच टाकीतला दुसरा बोर्ड तपासायला द्या. तो पास झाला. एका टाकीतली सख्खी भावंडं, एक नापास आणि एक पास, असं कसं होईल? मी लॅबमधून उरलेला तुकडा परत मागवला आणि भिंगाखाली धरला. भोकांच्या आत केशरी कण चिकटलेले होते. लॅबला फोन लावला. तिथले साहेब आधी हसले आणि मग म्हणाले, अहो, अस्सल शेंदूर शिशाचाच करतात.

आता गिऱ्हाइकाला कारण कळवायचं होतं. भाऊ म्हणाले, कथिलात भेसळ होती असं सांगू, पूजेचं सांगितलं तर ते आपल्याला अडाणी समजतील. माझं डोकंच फिरलं. ज्या माणसाने चोख माल दिला त्याच्या तोंडाला काळं फासायचं? मी म्हटलं, भाऊ, हे काही बरं नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांना गिऱ्हाइकापेक्षा आईंना सांगायची धास्ती जास्त होती.

आई डबा घेऊन कधीच्या दारात उभ्या होत्या.

"मी लावलाय ना, मंग माझं नाव सांग," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यावर ढकलू न्हाय."

भाऊंनी मान खाली घातली. आई स्टुलावर बसल्या आणि स्वतःच्या बोटाकडे बघू लागल्या.

"मंग द्यावाला पन आपन शिसंच लावत व्हतो का रं?"

मी त्यांच्या हातातला डबा घेऊन टेबलावर ठेवला.

भाऊंनी तिकडे खरं तेच कळवलं, आणि यापुढे तयार बोर्डाला पूजेचं काही लागणार नाही, असा नियम भिंतीवर चिकटवला. उत्तर येईपर्यंत आमचा जीव टांगणीला लागला होता. गिऱ्हाइकाने लिहिलं, असलं कारण आम्ही पहिल्यांदाच ऐकतोय, पण कारण सापडलं याचा आनंद आहे. नवा नमुना सीलबंद पाठवा. तो पास झाला आणि काम आलं. त्या दिवशी आम्ही जिलेबी मागवली, आणि व्यापाऱ्याला भाऊंनी स्वतः नेऊन दिली.

पहिला माल निघायच्या दिवशी आई परत ताट घेऊन आल्या. ताटात हळद आणि झेंडू, बस. गावदेवीलाही त्या आता हळदच लावत होत्या म्हणे. खोक्यांकडे न जाता त्या आधी माझ्या टेबलाशी आल्या आणि ताट भिंगाखाली सरकवलं.

"बघ गं बाय, नीट बघ."

मी खरंच बघितलं, एकेक पाकळी उलटून.

"पास आहे, आई," मी म्हटलं.