ओरडणारा आणि न ओरडणारा

तारापूरला वीजघराचं बांधकाम चालू होतं तेव्हा मी तिथे ड्राफ्ट्समन होतो आणि सालवडला खोली घेऊन राहत होतो. त्या हिवाळ्यात माझ्या डाव्या मांडीत गळू झालं. आधी शेक, मग पोटीस, मग ताप. शेवटी साइटवरच्या कंपाउंडरने हात टेकले आणि मला पालघरला एका लहानशा खासगी इस्पितळात नेऊन टाकलं. डॉक्टरांनी गळू चिरलं आणि म्हणाले, "आता जखमेत औषधाची वात भरावी लागेल. रोज. इथेच राहा."

खोलीत तीन खाटा होत्या. मधली मला मिळाली.

माझ्या उजवीकडे तारापूरच्या किनाऱ्यावरचा एक तांडेल होता. स्वतःची होडी, घरात चार मुलगे, आवाज समुद्रावर कमावलेला. जाळ्यातून मासळी काढताना पाकट माशाने शेपटीचा काटा त्याच्या पोटरीत खुपसला होता. गावठी उपाय करून झाले, जखम चिघळली, तेव्हा मुलांनी त्याला उचलून इथे आणलं होतं. सकाळी मलमपट्टीची गाडी दारात खडखडली की तो सुरू व्हायचा. सिस्टरने अजून हातही लावलेला नसायचा.

"मेलो गं आये! हळू कर ना बाय! अगं तू माणूस हाय का कोण हाय?"

"मी अजून पट्टी सोडलीच नाही," सिस्टर म्हणायची.

"मंग दुखते कशाला?"

हे तो खरंच विचारायचा. त्यात सोंग नव्हतं. पट्टी झाली की दहा मिनिटांत तो चहा पीत, हसत, सगळ्या खोलीला होडीवरच्या गोष्टी सांगत बसलेला असे. दुखणं येताना त्याला पूर्ण भिजवून टाकी आणि जाताना मागे काही ठेवत नसे.

डावीकडे एक फोरमन होता. विदर्भातला. सळ्या बांधणाऱ्या टोळीवर होता. परांचीवरून पडून त्याच्या नडगीचं हाड मोडलं होतं. सूज थोडी उतरल्यावर, मी आल्यानंतर चौथ्या दिवशी, त्याच्या पायाला गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं. हाड बसवताना त्याने हूं की चूं केलं नाही. पडला तेव्हाही त्याने आधी खालच्या माणसांना बाजूला व्हायला सांगितलं आणि मग पडला, असं त्याच्या टोळीतली माणसं कौतुकाने सांगत. डॉक्टर फेरीला आले की विचारत, "कसं काय?" तो म्हणे, "ठीक आहे." एवढंच.

माझी तऱ्हा या दोघांहून निराळी होती. मला बघायचं असे. वात किती लांब आहे, चिमटा कुठवर जातो, काल रक्त आलं होतं तिथे आज येतं का. बघत राहिलो की दुखणं जणू कुणा दुसऱ्याच्या मांडीत होतंय असं वाटे. सिस्टरने एकदा मान वळवायला लावली, तर तेवढ्याच कामाला मी कळवळलो. तेव्हापासून ती मला बघू देई.

फोरमनला तांडेलाच्या ओरडण्याचा त्रास व्हायचा. एकदा तो मला म्हणाला, "भाऊ, एवढा मोठा माणूस, लाज कशी वाटत नाही याला?"

तांडेलाने ते ऐकलं. "लाज कसली? दुखते तर दुखते. तुला दुखत नाय काय?"

"नाही," फोरमन म्हणाला आणि तोंड भिंतीकडे केलं.

प्लास्टर घातल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी उजव्या कुशीवर पडून वर्तमानपत्र वाचत होतो. डावी मांडी खाली घेता येत नसल्यामुळे माझी पाठ कायम फोरमनकडे असायची. तांडेलाला मात्र माझ्यावरून तो दिसत होता. तांडेल बराच वेळ गप्प होता, हीच गोष्ट खरं तर विशेष होती.

"ओ मुकादम," तो म्हणाला, "चा का नाय प्यालात?"

"नको."

"घाम का आलाय एवढा?"

"उकडतंय."

पौषाचे दिवस होते. आम्ही दोघं घोंगड्या पांघरून होतो.

"पाय दुखते ना?"

"तुमच्यासारखं बोंबलत बसायला मला जमत नाही. गप पडा."

तांडेल गप पडला नाही. त्याने सिस्टरच्या नावाने हाक फोडली. ती बाहेरूनच म्हणाली, "पट्टी उद्या सकाळी!" त्याने पुन्हा हाक मारली. "मला नाय गं, त्याला!" कुणी आलं नाही. त्याच्या ओरडण्याला ते इस्पितळ सरावलं होतं.

मग तो खाटेवरून उतरला. चिघळलेली पोटरी घेऊन, माझ्या खाटेची दांडी धरत तो पलीकडे गेला आणि त्याने फोरमनच्या पायावरची चादर खेचली. मी वळून पाहिलं. प्लास्टरच्या टोकाशी बोटं टरारून सुजली होती आणि निळी पडली होती. तांडेलाने अंगठा चिमटीत धरला.

"थंड हाय रे हा! मेल्या, बोलत का नाय तू?"

खाटेच्या लोखंडी दांडीवर फोरमनची मूठ आवळलेली होती.

त्यानंतर तांडेल जे ओरडला ते रस्त्यावर ऐकू गेलं असणार. डॉक्टर जेवणावरून उठून धावत आले. बोटं पाहताच त्यांचा चेहरा बदलला. पाय आतून सुजला होता, प्लास्टर आवळत चाललं होतं. कात्रीने ते वरपासून खालपर्यंत फाडलं. पाय मोकळा झाला, बोटांत रक्त परत आलं, आणि फोरमनने आईच्या नावाने जी किंकाळी फोडली ती मी विसरलेलो नाही. तांडेल शेजारी उभा राहून म्हणत होता, "ओरड, ओरड. कोण नाय हसत."

या सगळ्या वेळात तो आपल्या चिघळलेल्या पायावर उभा होता आणि त्याला स्वतःचं काही दुखलं नव्हतं. खाटेवर परत बसला तेव्हा आठवलं. मग मात्र त्याने आपली आई पुन्हा हाकारली.

डॉक्टर मला नंतर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर पाय गेला असता. मी विचारलं होतं हो त्याला. सकाळीच विचारलं होतं."

दोन दिवसांनी गावाहून फोरमनची बायको आली. बोलायला मोकळी होती. "हे असेच आहेत जी," ती मला म्हणाली. "एकदा विंचू चावला, तर जेवण उरकून मग सांगितलं. मला वाटलं, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून तोंड वाकडं केलंय."

तिने नवऱ्याला पायाबद्दल काही विचारल्याचं मी पाहिलं नाही. सकाळी आली की ती आधी तांडेलाच्या खाटेशी जाऊन उभी राहायची.

"आज कसं आहे जी यांना?"

तांडेल माझ्यावरून मान उंच करून फोरमनकडे निरखून बघायचा आणि सांगायचा, "कालच्यापेक्षा कमी हाय. पण हाय." फोरमन छताकडे बघत पडलेला असे. खोटं आहे असं तो कधी म्हणाला नाही.