एक थांबला, सारेच थांबले

एप्रिलातल्या यवतमाळच्या दुपारी आमच्या संगणक प्रयोगशाळेत कूलरच्या ओल्या वाळ्याचा मंद गंध दरवळत असतो. बाहेर टेकड्यांवरचे साग निष्पर्ण झालेले, आत पडद्यांचा निळसर उजेड; आणि त्या शीतल अर्धप्रकाशात वाकून बसलेली मुले पाहिली, की मला हमखास पल्लवी आठवते.

पल्लवी दारव्ह्याकडच्या एका बंजारा तांड्यावरची, माझी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. रोज जीपने येई. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, वर्गात वऱ्हाडी आणि संगणकाशी त्याची सांकेतिक भाषा, तिन्ही ती सारख्याच सहजतेने बोले. प्रकल्पाला तिने अवघड विषय निवडला होता. एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक कामांचे ओघ एकाच वेळी चालतात, त्यांना थ्रेड म्हणतात. त्यांच्या पाळ्या एरवी ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, लावतो. आणि दर पाळीला त्याच्या दारी जाऊन यायचे, तर वेळ जायचाच. पल्लवीने त्या पाळ्या आपल्या प्रोग्रॅममध्येच लावल्या. कर्नलला पत्ताही नाही! हजारो थ्रेड किती चपळाईने एकमेकांना वाट देत होते! तिचा वेगाचा आलेख पाहून मी हरखून गेले.

परीक्षेच्या आदल्या दुपारी ती उतरल्या चेहऱ्याने आली.

"मॅडम, एका थ्रेडनं नेटवर्कवरून माहिती मागतली ना, का बाकीचंही सारं थांबून जाते."

कारण मला ठाऊक होते. कर्नलच्या लेखी ते हजार थ्रेड नव्हतेच, तो एकच प्रोग्रॅम होता. त्यातला एक वाट पाहत बसला, की कर्नल सगळ्यांनाच बसवून ठेवी. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. वेगाच्या मोहात तेही विसरले, आणि वर म्हणाले, "उद्या फक्त आलेख दाखव. हे कोणी विचारणार नाही."

ती मान हलवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाहेरगावचे परीक्षक आलेखावर प्रसन्न झाले. "छान," म्हणत त्यांनी पेन उघडले.

"सर, अजून एक दाखवाचं राह्यलं," पल्लवी म्हणाली. तिने नेटवर्कचा थ्रेड सुरू केला, आणि पडद्यावर धावणारे सगळे आकडे जागच्या जागी थिजले.

"हे तुम्हाला माहीत होतं?" परीक्षकांनी तिला विचारले.

"हो सर. कालच समजलं."

"मग सुरुवातीलाच का नाही सांगितलं?"

ती गप्प राहिली. माझ्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. त्या मौनात ती कोणाला वाचवत होती, हे मला कळू नये? मी उठले. "सर, लपवायला मी सांगितलं होतं."

परीक्षकांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले, मग तिला विचारले, "उपाय काय?"

"आधी कर्नलले विचाराचं, माहिती आली काय म्हणून. नसंल आली, तर थांबाचं नाही. दुसऱ्या थ्रेडले पाळी द्याची."

"करून दाखवा. जेवणानंतर येतो."

आम्ही दोघीही जेवलो नाही. ती लिहीत होती, मी शेजारी बसले होते. तोंडाशी आलेल्या सूचना एकामागून एक गिळत. परीक्षक परतले तेव्हा एक थ्रेड वाट पाहत होता आणि बाकीचे आकडे शांतपणे पुढे सरकत होते. दर वेळी विचारावे लागल्याने वेग थोडा उतरला होता. त्यांनी तो पाहिला, मान डोलावली आणि गुण लिहिले. पल्लवी वर्गात दुसरी आली.

संध्याकाळी जीपच्या थांब्यावर मी तिला गाठले. "पल्लवी, चुकलं माझं."

"काल लय राग आलता तुमचा, मॅडम." तिने जीपच्या दाराला हात घातला. "तुम्ही उठल्या ना, तवा गेला."

आणि ती जीपमध्ये चढली.

इतकी वर्षे थ्रेडचा हा धडा मी वेगापासून शिकवायला घेत असे. आता थांबण्यापासून घेते. मुले जरा कंटाळतात, कंटाळू देत.