नाल्यापलीकडचा चारा

केंद्रावर दूध मोजत होतो, तेव्हा मारोतीचा फोन आला. "शेवंताले वाघानं नेलं. नाल्यापलीकडे." कुऱ्हाडी, काठ्या घेऊन आम्ही धावलो. आधी गाय दिसली... पाठीवर नखांचे ओरखडे, शिंगाला रक्त. पुढे फाटलेलं लुगडं, आणि मग शेवंताबाई. वाघ तिच्यावरून उठायलाही तयार नव्हता. दगडांचा मारा केला तेव्हा कुठे गेला. वनखात्याची गाडी आली तशी पोरांनी तिच्या काचा फोडल्या. एक दगड माझाही होता. दुसऱ्यावर राग काढणं सोपं असतं.

आज त्याला महिना झाला. मारोतीची ही बायको आठ वर्षं माझ्याकडे दूध घालायची. गाय एकच, पण जीभ अशी की घोटभर दूध चाखून गाईनं काय खाल्लं ते सांगावं. सरकीच्या ढेपेचं दूध दाट, नुसत्या तणसीचं, म्हणजे भाताच्या पेंढ्याचं, पांचट. एकदा शेजारणीचं दूध चाखून म्हणाली, हिच्या गाईनं कडुनिंब ओरबाडला आहे. मी हसलो होतो, पण निघालं खरं.

मोहाची फुलं गळायला लागली की तिच्याच संध्याकाळच्या दुधाला आंबूस वास यायचा. यंदा त्या वासापायी माझे दोन कॅन वरच्या डेअरीतून परत आले. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर तिच्या हातातली केटली हिसकावली, दूध मातीत ओतलं आणि केटली फरशीवर आपटली.

"गाय मोह खाते भाऊ," सगळे गेल्यावर ती हळूच म्हणाली. "फुलं पडली का आवरत नाई तिले."

"मग नाल्यापलीकडे चार. तिथी मोह नाई."

तिथे वाघ फिरतो, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं? चौथ्या दिवशी ती गेली.

आता मारोती गाईला रानात नेत नाही. सकाळी ती अंगणातल्या मोहाखालची फुलं खाते. दुपारपासून तो तिला गोठ्यात तणसीवर बांधतो. संध्याकाळच्या दुधाला वास नसतो. दूध काढण्याआधी काही तास मोहापासून दूर ठेवली असती, एवढंच पुरे होतं... आणि हे मला, दूधवाल्याला, माहीत नव्हतं.

केटलीला मी पाडलेला पोचा तसाच आहे. मारोती रोज ती माझ्यासमोर ठेवतो आणि बाकावर पेपर वाचत बसतो. नाल्यापलीकडे जा असं तिला कोण म्हणालं, ते त्याला अजून माहीत नाही. तोंडानं सांगायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून पेपरच्या पुरवणीसाठी हे लिहिलं. ही पुरवणीही तो माझ्याच बाकावर बसून वाचेल. त्यानंतर ती केटली माझ्याकडे आली नाही, तरी मी तिची वाट पाहीन.