गस्तीतला नववा

आदल्या संध्याकाळी साडेसहाला मी नॉमिनल रोल, म्हणजे गस्तीवर जाणाऱ्यांची यादी, लिहिला. एक हवालदार, म्हणजे मी. दोन नाईक, एक लान्स नाईक, चार शिपाई. एकूण आठ. चौदा हजार फुटांवरच्या आमच्या पोस्टवरून खालच्या ओढ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, अशी ती गस्त होती.

नोरबू रोलवर नव्हता. तो पोर्टर. चाळिशीचा, अबोल माणूस. वायरलेसच्या जादा बॅटऱ्या आणि रॉकेलचा कॅन पाठीवर घेऊन सगळ्यात मागे चालायचा. पोर्टर ठेकेदाराकडून यायचे. त्यांची नावं आमच्याकडे नसायची.

लान्स नाईक दिनेश भोईर कल्याणजवळच्या गावचा, मी ठाण्याचा, नौपाड्यातला. त्यामुळे त्याची माझ्याशी जरा सलगी. त्या संध्याकाळी तो रोलमध्ये डोकावला.

"उस्ताद, नोरबूला पण घ्या की."

"तो स्ट्रेंग्थवर नाही."

"तो मागे राहिला तर आपण थांबणार ना?"

"थांबणार."

"मग तो माणूस आहे. मोजा."

"भोईर, झोप जाऊन. सकाळी सहाला फॉल इन."

तो हसला. "नौपाड्याचे लोक हिशेबाला पक्के!"

गस्तीवर मोजणी शेवटून होते. शेवटचा जवान पुढच्याच्या खांद्यावर हात मारून 'एक' म्हणतो, तो पुढच्याला 'दो', आणि आकडा पुढे सरकत माझ्यापर्यंत येतो. सात ऐकू आलं की सगळे आहेत. शेवटी भोईर असायचा. त्याच्या मागे नोरबू, पण मोजणीबाहेर.

परतीच्या वाटेवर, एक वाजून दहा मिनिटांनी, धुकं आणि बर्फ एकदम आलं. दोन हातांपलीकडचं दिसेना. मी थांबवलं आणि मोजणी मागितली. आकडा आला. सात.

वायरलेसवर मी कळवलं, "गिनती पूरी. आगे बढ़ रहा हूँ. ओव्हर."

एक चाळीसला आम्ही पोस्टवर चढायला बांधलेल्या दोराशी पोचलो. एकेकाचा हात दोराला लावून देत होतो. सातवा हात हातमोज्याशिवायचा होता. नोरबूचा.

"भोईर कहाँ है?"

नोरबू मागे बघत राहिला. मग त्याने सांगितलं. भोईर बुटाचा पट्टा आवळायला बसला होता. नोरबूला म्हणाला, तू पुढे हो, मी आलोच. नोरबू पुढे झाला. तेवढ्यात मोजणी आली. मागे कुणी नव्हतं. त्याने पुढच्याच्या खांद्यावर हात मारला आणि 'एक' म्हणाला.

"एक कम. वापस जा रहा हूँ. ओव्हर."

चार वाजून पाच मिनिटांनी भोईर सापडला. वाटेच्या डाव्या अंगाला, घळीत. आमच्या मागे यायला निघाला होता आणि धुक्यात वाट चुकला. श्वास नव्हता. नोरबूने त्याला पाठीवर घेतलं. बाकी कुणाला हात लावू दिला नाही.

चौकशीत नोरबूला विचारलं गेलं, तू मोजणीत का बोललास? तो म्हणाला, "साहब, मुझे लगा मैं भी गिनती में हूँ."

मी हवामानाबद्दलच सांगितलं. नोरबूला मी आधीपासून मोजलं असतं, तर मला आठ ऐकायची सवय असती. सात ऐकून मी जागीच थांबलो असतो. भोईर तेव्हा हाकेच्या अंतरावर होता. अहवालात कारण लिहिलं गेलं: हवामान. पुढच्या आठवड्यात ठेकेदाराने नोरबूला काढून टाकलं.

आता मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. फायर ड्रिलला माझी यादी ऑफिसच्या यादीपेक्षा लांब असते. कँटीनच्या मावशी, कंत्राटी हमाल, पाण्याचे जार आणणारा. मॅनेजर म्हणतात, "साहेब, ही आपली माणसं नाहीत." मी नावं खोडत नाही. घरी मोजायला कुणी नाही. संध्याकाळी कुलूप मीच काढतो.

दिनेशच्या आईकडे मी दरवर्षी जातो. दरवर्षी हवामान सांगायचो. मागच्या महिन्यात, जेवण झाल्यावर, सगळं सांगितलं. आकड्यांसकट. त्या ताटातली शितं बोटाने गोळा करत होत्या.

मग म्हणाल्या, "मंग ते मानसाला कोनी सांगला का, त्याची चूक नव्हती म्हनून?"

"नाही, आई."

"का?"

परत आल्यावर नोरबूचा शोध सुरू केला. ठेकेदाराचा पत्ता नाही. जुन्या युनिटला पत्र लिहिलं. उत्तर आलं, त्या नावाची नोंद नाही. कशी असेल? यादी मीच लिहीत होतो.

म्हणून इथे लिहून ठेवतो. लान्स नाईक दिनेश भोईर त्या गस्तीत गेला. वय सव्वीस. पट्टा आवळायला थांबला, तेव्हा आपल्या मागच्या माणसाला त्याने आधी पुढे पाठवलं.

त्या गस्तीत आम्ही नऊ होतो.