कन्हानचा तिसरा डोह

नागपूरहून पांढुर्ण्याला मी आजवर किती वेळा गेलो असेन, त्याची गणती नाही. पण परराज्यात म्हणून कधी गेलो नव्हतो. यंदा दिवाळीच्या सुट्टीत गाडीत बसलो, तेव्हा नवी राज्यं होऊन जेमतेम काही दिवस झाले होते. काटोल गेलं, नरखेड गेलं, आणि मी खिडकीतून डोकं बाहेर काढून हद्द शोधत बसलो. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला राहवलं नाही.

"काय पाहून राहिले जी एवढं?"

"मध्य प्रदेश कुठून लागतो, ते बघतोय."

"तो तं आतापर्यंत नागपुरातच होता न!"

सगळा डबा हसला. मला काही हसू आलं नाही. कालपर्यंत मध्य प्रदेशची राजधानी असलेल्या आणि आता ती हातची गेलेल्या गावचा माणूस मी, अशी थट्टा लगेच अंगाला लागते. हद्द शेवटपर्यंत दिसली नाही. कापूस वेचणाऱ्या बाया आणि संत्र्यांचे बगीचे अलीकडे होते तसेच पलीकडेही होते.

आमच्या शिक्षकांच्या भटक्या मंडळाच्या हस्तलिखितात दरवर्षी माझं एक प्रवासवर्णन असतं, आणि ते वाचून मंडळी हसतात, असा माझा लौकिक आहे. शाळेत मी कवायत आणि भूगोल शिकवतो. मुलांना धाकात ठेवतो आणि स्वतः मात्र कोणाचं ऐकत नाही. यंदाचं वर्णन चार महिने रखडलं. हसण्यासारखं त्यात फार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पांढुर्ण्याला स्टेशनवर वसंता आला होता. वसंता माझा कॉलेजातला दोस्त, आता तिथल्याच शाळेत मास्तर. घरी बापाचा कापसाचा व्यापार, त्यामुळे मास्तरकी हौसेची. "या परदेशी पाहुणे," असं म्हणून त्याने माझी पिशवी घेतली. संध्याकाळी जाम नदीवर गेलो. पलीकडे सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवरून याच जागी दगड चालतात. त्या गोटमारीतले गोटे अजून पात्रात पडलेले होते. नदी घोट्याएवढी. मी म्हटलं, "यात काय पोहायचं? टाच तरी भिजेल का?"

"थांब ना बे जरा," वसंता म्हणाला. "उद्या तुले कन्हानवर नेतो. तिथं तुझी सारी मस्ती उतरते की नाही पाहा."

रात्री काकूंनी, म्हणजे वसंताच्या आईने, वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकर वाढली. मी सहा भाकरी खाल्ल्या आणि पोहण्यात मी कसा वाघ आहे, याच्या गोष्टी सांगितल्या. आमच्या काकांच्या बगीच्यातल्या विहिरीत मी सहा वर्षांचा असताना पोहायला शिकलो. पाठीला सुका भोपळा बांधायचा आणि काकांनी वरून ढकलून द्यायचं, संपला तास. विहिरीत शिकलेल्या माणसाची एक खोड असते: तो आधी उडी मारतो आणि मग पाहतो. विहिरीला ते चालतं, कारण तिथे काठापासूनच तीन-चार पुरुष पाणी असतं.

सकाळच्या मोटारीने सौंसरला पोचलो. तिथून वसंताच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची बंडी (बैलगाडी) मिळाली. ती आम्हाला डोंगराच्या पायथ्याशी, जंगलखात्याच्या नाक्यापर्यंत घेऊन गेली. नाक्यावर रेंजरसाहेब खुर्ची उन्हात टाकून बसले होते. ते हिंदी मुलखातून नवेच आलेले, पण माणूस मोकळा. म्हणाले, जंगलात जायचं तर मंगलूला घेऊन जा. मग आवाज खाली आणून म्हणाले की खात्याला एक पक्का चौकीदार घ्यायचा आहे. पुढे मोठमोठे अधिकारी जंगल पाहायला येतील, त्यांना डोंगरातून आणि नदीतून सुखरूप फिरवून आणील असा भरवशाचा माणूस हवा. यादी चार दिवसांत वर जायची आहे. तुम्ही शिकलेले लोक आहात, परत आलात की मंगलू कसा वाटला ते सांगा, म्हणजे त्याचं नाव लिहायचं की नाही ते ठरवतो.

मंगलू नाक्याच्या ओट्याशी उभा राहून सगळं ऐकत होता. पस्तिशीचा गोंड, अंगाने काटक, हातात त्याच्याहून उंच बांबू, खांद्याला पाण्याचा तुंबा (वाळलेल्या भोपळ्याचं भांडं). वाटेला लागल्यावर त्याने सांगितलं की बारा वर्षं तो खात्याचं काम रोजावर करतो आहे. काम असलं की बोलावतात, नसलं की घरी.

"या खेपेले नाव लागलं पायजे जी गुरुजी. लागलं तं पोरीले सौंसरच्या शाळेत ठेवतो म्हनलं."

"अरे, लागणारच!" मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "मी सांगतो ना साहेबांना. मी सांगितल्यावर कोण नाही म्हणेल?"

तो इतका मोकळा हसला, की मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं.

जंगलाविषयी काय लिहू? वरवर पाहिलं तर साग आणि साज (ऐनाची झाडं). पण मंगलू नाल्याच्या पोटातून चालवू लागला तशी झाडी दाटत गेली, वेलींनी वाट अडवली आणि दुपारच्या उन्हाचे फक्त कवडसे अंगावर येत राहिले. ओल्या मातीला वास होता. मंगलू थांबायचा, एखादं पान चुरगाळून आमच्या नाकाशी धरायचा आणि त्याचं गोंडी नाव सांगायचा. आम्ही ते उच्चारलं की पोट धरून हसायचा. अस्वलाने उकरलेलं वारूळ त्याने दाखवलं तेव्हा वसंता म्हणाला, "आता परत जाऊ." मी त्याला भित्रा म्हटलं. वसंताचे बूट नवे होते आणि चावत होते. तो सारखा मागे पडत होता.

मग कन्हान दिसली. काळ्या खडकांमधून वळत जाणारी, आणि मध्ये एकामागून एक तीन डोह. पाणी इतकं स्वच्छ, की मी शर्टाची बटणं चालता चालताच सोडली.

"अजून नाई जी," मंगलूने बांबू आडवा धरला.

त्याची एक पद्धत होती. आधी तो एकटा पाण्यात उतरायचा. बांबू टेकत, पायाने चाचपत अख्खा डोह पालथा घालायचा. उथळ जागी, बुडालेल्या लाकडाजवळ, हिरवी फांदी खोचायचा. हे सगळं करून तो वर येई, खडकावर बसे आणि तंबाखू मळायला घेई. त्याने तंबाखू मळायला घेतली की आपण उतरायचं, त्याआधी नाही.

"दरसाल करतोस हे?" मी विचारलं.

"दरसाल कायचं जी, दर खेपेले. विहीर एका जागी रायते. इथं पुरानं रेती कुठं टाकली, झाड कुठं गाडलं, हातानं पायल्याबिगर कोनाले उतरू देत नाई मी."

पहिल्या डोहात आम्ही तासभर पोहलो. पाणी असं थंड की पहिल्या बुडीला छातीतला श्वासच अडकला, आणि मग अंगात जी ऊब आली ती शब्दांत सांगता येत नाही. दुसऱ्या डोहात मी तळाचा गोटा काढून आणला, आणि मंगलूने "वाहवा गुरुजी!" म्हणून टाळी वाजवली. काठावर त्याने पानगे (पळसाच्या पानांत गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे) केले, वर संत्री. असं जेवण मी जन्मात जेवलो नव्हतो. तेवढ्यावर परतलो असतो तर हे वर्णन तुम्हाला वेळेवर मिळालं असतं.

तिसरा डोह सगळ्यांत मोठा. वर माणूसभर उंचीचा सपाट खडक, उडी मारायलाच मुद्दाम ठेवल्यासारखा. वसंता मागे कुठेतरी बूट काढून फोड पाहत बसला होता. मंगलू पाण्यात उतरला आणि त्याचं सावकाश चाचपणं सुरू झालं. मी खडकावर कुडकुडत उभा. दोन डोहांना हेच झालं होतं, काही वाईट निघालं नव्हतं. माझं डोकं तापलं. लहान मुलासारखं मला काय थांबवून ठेवतोस? मी विहिरीत वाढलेला माणूस आहे!

"अरे, झालं का तुझं?"

"थांबा जी! इकडं रेती आली हाय!"

त्याचे शब्द मला नीट ऐकू आले. हे मी आज मुद्दाम लिहितो आहे. ऐकू आले, आणि तरीही मी गुडघे पोटाशी घेऊन मुटका मारला.

हवेत असतानाच खाली पिवळी रेती दिसली. पाणी कमरेएवढंही नव्हतं, आणि रेतीतून एक झाडाचं खोड वर आलेलं. मंगलूने बांबू टाकला, माझ्याकडे झेप घेतली आणि दोन्ही हातांनी मला बाजूला लोटलं. माझे गुडघे त्याच्या उजव्या खांद्यावर आदळले. हाड मोडल्याचा आवाज मला पाण्यातही आला. त्याचं डोकं त्या खोडावर आपटलं. मी खोल पाण्यात पडलो, मला एक ओरखडासुद्धा नाही.

बाहेर ओढून आणला तेव्हा तो काही क्षण शुद्धीवर नव्हता. डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य, "तुमाले लागलं तं नाई न, गुरुजी?" तेवढ्यात वसंता लंगडत धावत आला. "काय झालं? काय झालं रे?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पाय घसरला त्याचा." विचार करून बोललो नव्हतो, लाजेने बोललो. पण बोललो.

माझ्या धोतराची झोळी करून त्याचा हात बांधला. वाट त्यालाच ठाऊक, म्हणून पुढे तोच चालला. मधेच थांबायचा, झाडाला टेकायचा, पुन्हा चालायचा. मी त्याच्या मागे. नाक्यापर्यंत एवढी लांब वाट होती, मला शंभर वेळा खरं बोलता आलं असतं.

रेंजरसाहेब खुर्चीतून उठले. "अरे, ये कैसे हुआ?"

मंगलू माझ्याकडे बघू लागला. घाबरून नव्हे, मी सांगणार आहे, या भरवशाने. वसंता माझ्याकडे बघू लागला. सगळी शाळा ज्याच्या शिट्टीवर पाय उचलते तो मी, आणि मी अंगावरची रेती झटकू लागलो.

"डोहात पाय घसरला त्याचा," मी म्हणालो. "माणूस चांगला आहे, पण..."

तो 'पण' कुठून आला, देव जाणे. साहेबांनी मान हलवली. हात मोडला म्हणून नव्हे, ते म्हणाले, हात जुळेल. पण जो स्वतःच्याच नदीत घसरतो, त्याच्या हवाली मी अधिकाऱ्यांना कसं करू? मंगलूच्या तोंडाकडे मी पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी परतीला मी सौंसरहून छोट्या लाईनची गाडी धरली. वसंता तिकीट काढायला गेला होता. फलाटावर मंगलू आलेला दिसला, हात गळ्यात, कपाळावर हळद. माझं धोतर धुवून, घडी करून परत द्यायला आला होता.

"गुरुजी, एक विचारू का जी?"

"विचार ना."

"माहा पाय खरंच घसरला का जी? मले तं तुमाले ढकलल्यावानी वाटते. पन डोक्याले मार लागला, काही समजून नाई राहिलं. बायको म्हनते, गुरुजी साहेबापुढं खोटं काहून बोलतीन?"

नाका कोसावर होता. गाडी सोडली असती, त्याला घेऊन परत गेलो असतो, तर यादी वर जायला अजून तीन दिवस होते. हे सगळं मला त्याच क्षणी सुचलं. गार्डाने शिट्टी दिली.

"हो मंगलू," मी म्हणालो. "घसरला."

"असंन जी," तो म्हणाला, आणि मान खाली घातली. "मंग माहीच चूक."

गाडीने बोरगाव मागे टाकलं. दोन्हीकडे पिवळेधमक बगीचे होते, लोक टोपल्या भरत होते, आणि मला ते काही बघवेना. माणूस किती हलका असतो! कोणी मारणार नव्हतं, नोकरी जाणार नव्हती. एका गोंड माणसापुढे आणि एका अनोळखी साहेबापुढे माझी चूक दिसली असती, एवढंच.

नागपूरला आल्यावर पंधरा दिवस मी पत्र लिहायचो आणि फाडायचो. शेवटी साहेबांना सगळं खरं लिहून पाठवलं. उत्तर कचेरीतून आलं: साहेबांची बदली झाली, यादी वर गेली, पदावर माणूस रुजू झाला. संक्रांतीनंतर वसंताचं पत्र आलं. त्याला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं. सहज लिहिलं होतं, की मंगलूचा हात जुळला, पण तो आता कोणालाही डोहावर नेत नाही. स्वतःही पाण्यात उतरत नाही. काठावरूनच परततो.

तेव्हा मी वसंताला लांबलचक पत्र लिहिलं. मुटका, रेती, मंगलूची हाक, फलाटावरचं माझं उत्तर, काहीही लपवलं नाही. लिहिलं, की हे मंगलूला शब्दन् शब्द वाचून दाखव आणि माझ्या वतीने त्याचे पाय धर.

वसंताचं उत्तर परवा आलं. चारच ओळी. मैत्रीबद्दल त्यात काही नव्हतं. त्याने लिहिलं होतं:

"दोनदा वाचून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग मलाच समजावू लागला. म्हणाला, 'गुरुजी मोठ्या मनाचे हाय जी, माहं मन राखाले असं लिहून राहिले. पाय माहाच घसरला होता.'"